चार सेकंदांचा वळसा

१

'वळसा' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. सरळ वाट अडली की बाजूने घालावा लागणारा फेरा, हा त्याचा एक अर्थ. काखेत कळसा असताना माणूस गावाला घालतो, तोही वळसाच. एक फेरा गरजेचा आणि दुसरा वेंधळेपणाचा. परंतु दोन्हींत एक गोष्ट समान आहे. वळसा पडला, हे ज्याला पडतो त्याच्या पायांना कळते. तोंडाने माणूस काहीही सांगेल, पिंढऱ्या खरे सांगतात.

या गोष्टीतला जोडारी मात्र 'वळसा' हा शब्द निराळ्या अर्थाने वापरीत असे. तो संगणक जोडणारा आणि दुरुस्त करणारा होता, म्हणून ओळखीपाळखीत त्याला जोडारी असेच नाव पडले होते. त्याचा वळसा असा: संगणकातल्या एका ड्राइव्हवरचे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवायचे, आणि जुन्या जागी त्याच नावाचे एक पोकळ फोल्डर ठेवून द्यायचे. एखादा प्रोग्राम जुन्या सवयीने तेथे येतो, त्या पोकळ नावात शिरतो आणि नकळत नव्या जागी पोहोचवला जातो. आपण आपल्याच जागी आहोत, अशी त्याची शेवटपर्यंत समजूत असते. पुस्तकांत याला 'दुवा' म्हणतात. जोडाऱ्याला तो शब्द मान्य नव्हता. साखळीच्या दुव्याची दोन्ही टोके डोळ्यांना दिसतात, याचे एकच दिसते, असे त्याचे म्हणणे. त्याने 'वळसा' हा शब्द योजला, आणि गिऱ्हाइकांना तो हौसेने समजावून सांगे. "वळसा असा की घालणाऱ्यालाच कळत नाही," हे वाक्य तो नेहमी शेवटी ठेवी.

२

घर लांबट होते. रस्त्याकडच्या खोलीत जोडाऱ्याचे काम चाले. मधे एक बोळवजा वाट, तिला एक काटकोनी वळण, एकूण नऊ पावले. आणि मागच्या खोलीत त्याच्या बायकोचे शिवणयंत्र. ती कपडे दुरुस्त करून देई. कुणाचा कोट आत घे, कुणाची बाही उसवून लांब कर, कुणाच्या खिशाला अस्तर लाव. दोघांच्याही धंद्यात नवे काही घडवायचे नव्हते, बिघडलेले मार्गी लावायचे होते, आणि त्यामुळे दोघांचे बरे जमले होते. निदान भांडण नव्हते.

दिवसभरात दोघांचा संबंध येई तो हाकेपुरता. तो समोरून "अगं" म्हणे. मागून "ओ" येई. मग तो कात्री मागे, चष्मा मागे, चहाचे विचारी. अठ्ठावीस वर्षे हे असेच चालले होते, आणि त्यात कमी आहे असे त्याला कधी वाटले नव्हते.

लोकांचे संगणक वेगवान करणाऱ्या या गृहस्थाचा स्वतःचा संगणक सुरू व्हायला अडीच मिनिटे घेई. दिव्याखाली अंधार तो हाच. शेवटी एका सकाळी त्याने एक लहान, वेगवान ड्राइव्ह आणून बसवली, आधीचे सगळे तिच्यावर उतरवून जुनी मोठी रिकामी केली, आणि वाटणीला हात घातला. नियम साधा होता. संगणकाची मूळ व्यवस्था आणि रोजचे प्रोग्राम लहान ड्राइव्हवर. बाकी सगळे जुन्या मोठ्या ड्राइव्हवर. कोणते रोजचे आणि कोणते नव्हे, हे तो मनाने ठरवीत नसे. शेवटचे कधी उघडले, त्या तारखेने यादी लावी, आणि तारखेला भीडभाड नसते.

बायको हातातला कोट झटकत आत आली. "काय चाललंय?"

"वाटणी."

"कुणाकुणाची? इनमीन दोन माणसं घरात."

"यंत्राची गं. रोज लागतं ते जवळ, लागत नाही ते लांब. ही लहान ड्राइव्ह मागितलं की देते, पण हिच्यात जागा थोडी. मोठीत जागा रग्गड. पण दहा मिनिटं कुणी विचारलं नाही की झोपते, आणि जागी व्हायला चार सेकंद घेते."

"तुमच्यावर गेलीय."

तो हसला. ती पडद्याकडे वाकली. यादीच्या तळाशी 'घर' नावाचे फोल्डर होते. लेकीचे लहानपण, दोघांचे जुने फोटो, बायकोने कधीकाळी टिपून ठेवलेली मापे आणि नमुने. अकरा हजार तीनशे चाळीस फाइली. शेवटचे उघडले त्याला वर्ष आणि दोन महिने झाले होते.

"हे कुठे जाणार?"

"मोठीवर."

"म्हणजे आम्ही माळ्यावर."

"माळा कसला? नाव जागच्या जागी राहणार. वळसा लावतो ना. हलवलंय हे कुणाला कळायचंसुद्धा नाही."

"कळायला आधी कुणी बघायला तर हवं," ती म्हणाली, दाताने दोरा तोडला, आणि मागच्या खोलीत निघून गेली.

त्याच्या भिंतीवर त्याच्याच अक्षरात एक ओळ चिकटवलेली होती: आधी नक्कल, मग पडताळा, मग पुसणे. त्या क्रमाने त्याने सारे केले. 'घर' मोठ्या ड्राइव्हवर नेले, फाइली मोजल्या, मूळ पुसले, वळसा लावला. संगणक अकरा सेकंदांत सुरू झाला. जोडाऱ्याने तो तीनदा बंद करून तीनदा सुरू केला, निव्वळ सुखासाठी.

३

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास त्याला बारीक पेचकस सापडेना.

"अगं."

उत्तर आले नाही. टेबलाखाली, संगणकाच्या पेटीत, मोठी ड्राइव्ह जागी झाली. आधी एक हलका ठोका, मग चढत जाणारी घरघर, मग स्थिर गुणगुण. तेवढ्यात मागून "ओ" आले.

त्याने पेचकस मागितला. तो तिच्या दोऱ्यांच्या डब्यात होता. ती आणून देऊन गेली. झाले एवढेच. परंतु ज्याने उभे आयुष्य यंत्रांचा विलंब मोजण्यात घालवले आहे, त्याच्या कानाला त्या मधल्या शांततेची लांबी ओळखीची वाटली.

दुपारी जेवणाआधी पुन्हा हाक मारली. ठोका, घरघर, गुणगुण, "ओ." या वेळी त्याचे डोळे घड्याळाच्या काट्यावर होते. चार सेकंद.

त्याने स्वतःची समजूत घातली, आणि ती चांगली मजबूत घातली. मोठी ड्राइव्ह कुठल्यातरी प्रोग्रामने जागी केली असेल. बायको शिवणाच्या तंद्रीत असेल. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असे होत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, हे त्याने शेकडो गिऱ्हाइकांना ऐकवले होते. आता त्याने ते स्वतःला ऐकवले.

ती ताट वाढायला आली तेव्हा तिला किंचित धाप लागली होती.

"काय गं, धावत आलीस?"

"कुठून धावणार? मागे तर होते."

४

शेजारच्या शाळेतल्या मास्तरीणबाई कोट न्यायला आल्या. त्या समोरच्या खोलीत उभ्या राहूनच ओरडल्या, "अहो बाई, झाला का माझा कोट?" आणि त्यांचे वाक्य संपण्याआधी मागून उत्तर आले, "झालाय, गुंडी तेवढी राहिलीय, या ना आत."

मोठी ड्राइव्ह हललीही नाही.

मास्तरीणबाई आत गेल्या. मागून दोघींचे बोलणे, हसणे, एकमेकींची वाक्ये तोडणे ऐकू येत राहिले. कुठेही खंड नव्हता. जोडारी ऐकत बसला. मग त्याने, अगदी सहज विचारल्यासारखे करून, हाक दिली. "अगं."

बोलणे तुटले. ठोका. घरघर. गुणगुण.

"ओ."

त्याच संध्याकाळी त्याने लेकीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात राहत होती आणि आईशी रोज बोलत होती.

"तुझी आई उत्तर द्यायला वेळ लावते का गं हल्ली?"

"आई? बाबा, मी प्रश्न विचारायच्या आत तिचं उत्तर येतं. तुम्हालाच ऐकू कमी येत असेल. कान तपासून घ्या."

त्याने कान तपासून घेतले. कानांच्या डॉक्टरांनी नळकांडी घालून पाहिले, आवाज ऐकवले आणि सांगितले, "वयाच्या मानाने उत्तम आहेत. बायकोचं ऐकू येत नाही म्हणायला ही सबब चालणार नाही." तो शिष्टाचारापुरता हसला.

घरी येऊन त्याने जे करायला हवे ते केले. ज्याच्यावर संशय आहे ते वेगळे काढून पाहायचे, हा त्याच्या धंद्याचा पहिला पाठ. त्याने संगणक बंद केला. भिंतीतून तार उपटली. पेटी उघडली, मोठ्या ड्राइव्हच्या दोन्ही जोडण्या सोडवल्या, आणि ती धातूची थंड वीट टेबलावर वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवली. दहा मिनिटे मोजली. तळहात तिच्यावर ठेवून तो हळूच म्हणाला, "अगं."

त्याच्या तळहाताखाली एक ठोका पडला.

हात मागे घ्यावा हे त्याला सुचले नाही. आतली तबकडी फिरू लागल्याची थरथर त्याच्या बोटांतून मनगटापर्यंत चढली, स्थिरावली, आणि मागच्या खोलीतून बायको म्हणाली, "ओ. काय हवंय?"

"काही नाही," तो म्हणाला. मग त्याने ड्राइव्ह पुन्हा पेटीत बसवली आणि जोडण्या लावल्या.

५

त्यानंतरच्या दिवसांत त्याने जे टिपले ते असे. एका हाकेनंतर लगेच दुसरी मारली तर विलंब नसे. दहा मिनिटे गेली की चार सेकंद. अर्धा दिवस गिऱ्हाइकाकडे घालवून परतल्यावर सहा. एकदा परगावच्या कामात दोन दिवस गेले. आल्यावर दारातून मारलेल्या पहिल्या हाकेला अकरा सेकंद लागले, आणि ती समोर आली तेव्हा भिंतीला हात टेकून उभी राहिली.

"बस जरा," तो म्हणाला.

"बसते. पाय भरून आलेत नुसते."

"दिवसभर काय केलंस?"

"काय करणार? बसून शिवत होते."

तिच्या घरातल्या सपाता दाराशी पडल्या होत्या. महिन्यापूर्वी आणलेल्या. त्याने एक उलटी करून पाहिली. टाचेकडचा तळ झिजून कागदासारखा पातळ झाला होता, आणि पुढे, अंगठ्याखाली, आरपार गेला होता. त्याने ती होती तशी ठेवून दिली. तिला काही विचारले नाही. तिला ठाऊक नव्हते, हे त्याला तिच्या डोळ्यांत दिसत होते. तिला विचारले असते तर तिलाही ते ठाऊक झाले असते.

हाकेऐवजी आपणच जावे, हे फार सोपे उत्तर त्याला फार उशिरा सुचले. अठ्ठावीस वर्षांत तो मागच्या खोलीत आपण होऊन क्वचितच गेला होता. ती येत असे.

दुपारचे तीन वाजले होते. ऊन होते. तो अनवाणी निघाला. बोळातले वळण घेतले. दार लोटलेले होते. आतून शिवणयंत्राचा आवाज येत नव्हता, कसलाच आवाज येत नव्हता. त्याने हाक न मारता दार ढकलले.

खोली नव्हती.

म्हणजे काळोख नव्हता, पोकळीही नव्हती. दार उघडताच आत आणखी एक चौकट होती, तेवढीच, तशीच, आणि तिच्यापलीकडे बोळासारखी वाट सरळ गेली होती. वाटेला काही रंग नव्हता. तिच्या दुसऱ्या टोकाला, फार दूर, नखाएवढा उजेडाचा चौकोन होता, आणि त्या चौकोनात त्याला त्यांच्या मागच्या खोलीची खिडकी, शिवणयंत्र आणि त्याच्यापुढे पाठमोरी बसलेली बायको दिसली. रात्री आगगाडीतून दूरच्या घरातले उजळलेले तावदान दिसावे, तितकी लहान.

दाराची बिजागरी करकरली.

मागे, टेबलाखाली, ठोका पडला. पलीकडची ती इवलीशी बायको उठली, वळली, आणि चालू लागली. कुणीतरी बोलावले आहे आणि उशीर होऊन चालणार नाही, अशी ती चालत होती, मान खाली घालून, एका हाताने पोटाशी कपडा धरून. तिचे पाय किती भराभर पडत होते, हे तेवढ्या अंतरावरूनही दिसत होते.

जोडाऱ्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर खोली होती, खिडकीत ऊन होते, आणि बायको दारापाशी उभी होती. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते.

"आज स्वारी इकडे कुठे?" तिने धापा टाकत विचारले. तिला आनंद झाला होता.

६

त्यानंतर तो तिला दृष्टीआड होऊ देईना. लागते ते जवळ, लागत नाही ते लांब, हा नियम त्याचाच होता. मग तिला रोजची, क्षणोक्षणीची केली पाहिजे, असा त्याने हिशेब बांधला. आपले टेबल त्याने मागच्या खोलीत हलवले. सकाळी उठल्यापासून तो तिच्याशी बोलत राही. तिच्या माहेरचे विचारी, शेजाऱ्यांचे विचारी, या टाक्याला काय म्हणतात ते विचारी. पहिले दोन दिवस ती खुलली. अठ्ठावीस वर्षांत साठलेले तिच्याजवळ बरेच होते.

तिसऱ्या दिवशी तिने सुई खाली ठेवली. "अहो, एक सांगू? राग नको."

"सांग ना."

"मला जरा गप्प बसू द्या. काम होत नाही हो. तुम्ही बोललात की इतकं दमायला होतं... काय सांगू. डोंगर चढल्यासारखं."

नऊ मिनिटे तो गप्प राहिला. दहाव्या मिनिटाला ती समोर बसलेली असतानाच तिच्या हातातली सुई कापडात अर्धी शिरून थांबली, आणि पेटीतली गुणगुण उतरत उतरत बंद झाली. त्याने घाईघाईने काहीतरी विचारले. चार सेकंदांनी तिने श्वास घेतला.

बोलावे तर ती झिजणार. न बोलावे तर लांब जाणार. तिसरा रस्ता एकच होता, आणि तो त्याच्या धंद्यातला होता. 'घर' परत आणायचे. त्याने लहान ड्राइव्हवरचे स्वतःचे प्रोग्राम पुसले. ज्यांच्यावर पोट होते तेही पुसले. जागा झाली. जुन्या क्रमाने, आधी नक्कल, म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी दुपारी, ती मागे शिवत असताना, टेबल पुन्हा समोरच्या खोलीत आणून काम सुरू केले. पडद्यावर आकडा आला: ११,३४० पैकी १.

बोळातून पावले आली. दारापर्यंत आली आणि परत गेली.

११,३४० पैकी २. पावले आली, परत गेली.

३. ४. ५. त्याला आधी समजले नाही. मग समजले. प्रत्येक फाइल वाचायची म्हणजे ती तेथून मागवायची; आणि मागवली की कुणाला तरी यावे लागते. आकडा वेगाने चढू लागला तशी पावलेही वेगाने पडू लागली. चालणे राहिले नाही, धावणे झाले. अनवाणी टाचांचा धप् धप् आवाज, त्यात एकदा ठेच, एकदा भिंतीला हात घासल्याचा आवाज, आणि या सगळ्यांतून तिचा श्वास, शिट्टीसारखा बारीक झालेला. तो उठून वळणापर्यंत गेला. बोळात कुणी नव्हते. पावले त्याच्या अंगावरून गेली.

"थांब," तो म्हणाला. "अगं, थांब तू. येऊ नकोस." बोलल्यावर त्याच्या ध्यानात आले की ही आणखी एक हाक झाली.

पडद्यावर २१४ हा आकडा होता. त्याने नक्कल थांबवली. पावले मंदावली, लांब गेली, विरली. अजून अकरा हजार एकशे सव्वीस खेपा उरल्या होत्या, आणि त्या तिच्याकडून होणार नव्हत्या, हे त्याला आकडेमोड न करताच कळत होते.

मग जोडाऱ्याने ती गोष्ट केली. ती निर्दयपणाने केली असती तर निदान त्याला स्वतःवर रागावता आले असते. वळसा काढला की पलीकडचे एक अक्षरही पुसले जात नाही. पुसला जातो तो फक्त पोकळ नावाचा खण. आतले अबाधित राहते. एवढेच की यापुढे त्या वाटेने कुणाला कुणी बोलावू शकत नाही. तिची ही धाव थांबावी, क्षणभर तिला बसू द्यावे, श्वास घेऊ द्यावा. मग दुसरी युक्ती शांतपणे शोधू. भिंतीवरची ओळ त्याच्या डोळ्यांसमोर होती, आणि नक्कल झालेली नव्हती, पडताळा झालेला नव्हता. त्याने आयुष्यात पहिल्यांदा क्रम मोडला आणि वळसा पुसला.

घर एकदम शांत झाले. तो मागे गेला. या वेळी दारामागे दुसरे दार नव्हते. सरळ खोली होती, जशी असावी तशी. खिडकी. शिवणयंत्र. सुईखाली मास्तरीणबाईंच्या दुसऱ्या कोटाची बाही. खुर्ची जरा मागे सरकलेली.

खुर्चीत कुणी नव्हते.

पुढल्या मिनिटाला त्याने वळसा पुन्हा लावला. तो बिनतक्रार लागला. फोटो उघडले, लेकीचे लहानपण उघडले, मापे उघडली. यंत्रात सारे जागेवर आले. खोलीत काहीच आले नाही.

७

चौथ्या दिवशी लेक आली. तो मागच्या खोलीत होता; त्या खोलीच्या दारातच तिने पिशवी खाली टाकली. "बाबा, हे वय आहे का अबोल्याचं?"

"कसला अबोला?"

"आई फोनवर रडत होती. तुम्ही बोलत नाही, बघत नाही. ती समोर येऊन उभी राहते तर तिच्यातून बघता म्हणे."

"कुठे आहे ती?"

लेकीने त्याच्याकडे पाहिले, मग त्याच्या डाव्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "बाबा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "चेष्टा करू नका. इथे बसलीय."

या चार दिवसांत त्याने बरेच पाहिले होते. कोटाची बाही पुरी झालेली, मास्तरीणबाई मागच्या खोलीतून हसत बाहेर पडताना, दोन पेले धुऊन पालथे घातलेले. तो खुर्चीपुढे बसला. हात पुढे केला. हाताला खुर्चीची पाठ लागली.

"आई, रडू नकोस गं," लेक खुर्चीला म्हणाली. "बाबा, तुम्ही एकदा बोला ना तिच्याशी. एकदा हाक मारा, नेहमीसारखी. काय जातंय तुमचं?"

त्याच्या तोंडून हाक निघून गेली. "अगं."

समोरच्या खोलीत ठोका पडला.

लेकीची नजर खुर्चीवर होती. ती वर चढली, कुणी उभे राहताना चढते तशी. मग बाजूला सरकली. "आई, कुठे निघालीस?" नजर दारापाशी गेली, भिंतीवरून फिरली, खिडकीवरून, कपाटावरून, परत दारापाशी आली. "आई. अगं खोलीतल्या खोलीत काय चाललीस? आई, थांब." जोडारी लेकीच्या डोळ्यांकडे पाहत होता; बायको त्याला तेवढीच दिसत होती. डोळे पुन्हा भिंतीवरून गेले, खिडकीवरून, कपाटावरून, दारावरून, मघापेक्षा वेगाने. लेक धावली, तिने हवेला दोन्ही हातांनी मिठी घातली, आणि ती मिठी तिला घेऊन ओढत चालली. लेकीच्या टाचा फरशीवर घासत गेल्या.

"बाबा, हिला थांबवा. बाबा, हिच्या पायांतून रक्त येतंय."

ती हाकेला निघाली होती आणि पोहोचायची वाट त्यानेच पुसली होती; कसे थांबवायचे हे त्याला ठाऊक नव्हते. थांबवायला त्याच्याजवळ आवाजाखेरीज काही नव्हते, आणि आवाज म्हणजे हाक. तो तोंडावर हात दाबून बसून राहिला. सकाळचे दहा वाजले होते. मोठी ड्राइव्ह झोपली तेव्हा ऊन खिडकीतून उतरून गेले होते, आणि लेक भिंतीशी खाली बसून मांडीवर काहीतरी जड घेतल्यासारखी डुलत होती.

ही गोष्ट त्या वस्तीत आता सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे ती अशी सांगतात: जोडारी भला माणूस, पण उतारवयात बायकोवर रुसला. दोघांत अबोला पडला. त्याने पुष्कळ हाका मारून पाहिल्या. ती मानी, ती येईना. तेव्हा त्यानेही हाक मारणे सोडले. पडत्या फळाची आज्ञा.

हे सांगणे चुकीचे आहे. रुसवा कुणाकडूनच नव्हता. त्या दिवसानंतर त्याने तिला एकही हाक मारली नाही. आणि ती येत नाही म्हणून त्याने हाक मारणे सोडले, हे तर मुळीच खरे नाही. ती निघते, म्हणून सोडले.